दुधी पत्र्याची खोली

माझ्या हातात पान्हा आला की मला कोणाचं काही ऐकू येत नाही, असं माझी बायको म्हणते. खरं आहे. तारापूरच्या कारखान्यांत मी उभा जन्म मेंटेनन्समध्ये काढला. पंप बंद पडला, मोटार जळली, कुठे पाइप गळायला लागला, की साहेबाच्या आधी मला बोलावणं यायचं. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. साताऱ्याकडून एक पेटी घेऊन बोईसरला उतरलेला मी, स्वतःच्या हातांवर घर उभं केलं, लेकीला शिकवलं. घरात कोणी नळ टपकतोय म्हणेपर्यंत मी तो उघडून बसलेला असायचो. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, काम करून मोकळं व्हायचं.

बायको इथलीच, शिरगावची. लग्न झालं तेव्हा तिची बोली मला कळायची नाही आणि माझी ऐकून तिला हसू यायचं. ती ब्लाउज शिवायची. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या मशीनखालून गेलेले. पन्नाशी ओलांडली आणि ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. मी वैतागायचो. बघून चाल की जरा, असं कितीदा तिच्या अंगावर खेकसलोय. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा खराब होत चाललाय. औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी कडेचं दिसणं जाणार, मग मधलं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. आहे तोवर भरपूर उजेडात बसा म्हणाले.

आता भरपूर उजेड आणायचा कुठून? ट्यूबलाइटखाली तिला समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. उघड्या उन्हात नेलं तर डोळे दिपायचे, घळाघळा पाणी यायचं, काळा चष्मा लावून ती मान खाली घालून बसायची. कारखान्याच्या शेडला मध्ये मध्ये दुधी रंगाचे फायबरचे पत्रे असतात, दिवसा दिवे लावावे लागू नयेत म्हणून. त्यातून उजेड येतो पण ऊन डोळ्यांत घुसत नाही. माझ्या डोक्यात तेच आलं. घरामागच्या अंगणावर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, तीन बाजूंना खिडक्या बसवल्या आणि वर सगळेच्या सगळे दुधी पत्रे टाकले. खोली झाली त्या दिवशी तिला आत नेऊन खुर्चीत बसवलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे केस केवडे पिकले हो." दोन वर्षांत तिने माझं तोंड नीट पाहिलेलं नव्हतं. मी हसलो, आणि मग मोरीत जाऊन रडून आलो.

तिचं मशीन त्या खोलीत गेलं, तांदूळ निवडायचं सूप गेलं, पाट गेला. ती तिला उजेडाची खोली म्हणायची, मी आपला पत्र्याची खोली. पण दुधी पत्र्याखाली ज्याने मे महिना काढलाय त्यालाच त्याची मजा कळेल. दुपारी बारा ते चार तिथे पापड नुसता ठेवला तरी भाजून निघाला असता. आमच्या बोईसरचा उन्हाळा म्हणजे काही नुसतं ऊन नाही. घामाने कपडे अंगाला चिकटतात, आणि वारा पडला की कंपन्यांचा वास नाकात घर करून बसतो. तरी ती तिथेच बसायची, मानेवर ओला पंचा टाकून. बाहेर ये म्हटलं तर म्हणायची, बाहेर येऊन काय करू, अंधारात बसू?

मग माझे हात शिवशिवायला लागले. आधी पत्र्यावर हिरवी जाळी ताणली. खोली थोडी निवली, पण दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, सगळं शेवाळलेलं दिसतंय, काढा ती. काढली. ओली गोणपाटं टाकली तर भर दुपारी दिवेलागण झाली, म्हणून तीही काढली. मग कारखान्यातली युक्ती केली. छताच्या सगळ्यात उंच कडेला वीतभर फट ठेवून तिला जाळी मारली. गरम हवा वरच्या वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. याने खूप फरक पडला. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. पत्र्यावर भोकं पाडलेला पाइप आडवा टाकून दुपारी पाणी सोडलं. खोली अशी गार व्हायची की विचारू नका. पण आमच्या बोअरचं पाणी खारट. महिनाभरात पत्र्यावर पांढरा थर धरला. मला त्याचा पत्ताच नव्हता, तिने खालून ओळखलं. पत्र्यावर काही साचलंय का, अंधारलंय, म्हणाली. वर चढून पाहिलं तर खरंच. थर घासून काढला आणि पाइप उतरवून ठेवला. तेव्हापासून मी निर्धास्त झालो. उजेड कणभर कमी झाला तरी ही बाई लगेच बोलते, हे मी मनाशी पक्कं धरून चाललो.

लेक आमची सिन्नरला दिलेली. तिला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा बायकोचं दिसणं फार आखडलं होतं. त्या खोलीत, भर दुपारी, एखादी वस्तू अगदी तोंडाजवळ धरली तर तिला नीट दिसायची. बाकी सगळं धुरकट. तरी तिने झबली शिवायला घेतली. एकेक टाका डोळ्याजवळ नेऊन बघायचा आणि मग पुढचा घालायचा. मी म्हटलं, विकत मिळतात की. ती ऐकते कुठे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तारीख एप्रिलअखेरची. ती महिने मोजायला लागली. एक दिवस दोरा दाताने तोडता तोडता म्हणाली, "नातवंडाचं तोंड एकदा बघायला मिळू दे. मग जाऊ देत डोळे. मी कोनाला बोल लावनार नाय." तिने देवाकडे कधी काही मागितलेलं मला ठाऊक नाही. हे एवढंच मागितलं, आणि त्या दिवसापासून माझाही जीव टांगणीला लागला.

पालघरच्या दवाखान्यात मुलगा झाला. संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइट. आजीच्या हातात दिला तेव्हा तिला दिसलं ते कापडाचं गाठोडं. दुसऱ्या दिवशी बाळाला कावीळ निघाली आणि त्याला दिव्याच्या पेटीत ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. हिचे हाल काय सांगू. नातू चार हातांवर आणि हिला त्याचं तोंड दिसत नाही. पण रडली नाही. मला म्हणाली, घरी नेऊ तेव्हा बघते मी त्याला, उजेडाच्या खोलीत, बारा वाजता. सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही हे आमच्याकडे ठरलेलं, त्यामुळे काय बघायचं ते त्या खोलीतच. ती लेकीजवळ दवाखान्यात राहिली आणि मी घरी परतलो, तयारी करायला.

घरी येऊन भर दुपारी त्या खोलीत उभा राहिलो आणि माझ्याच अंगाची लाही लाही झाली. इथे आठवड्याचं पोर आणायचं? वरची फट, वाळ्याचे पडदे, पंखा, सगळं होतं, तरी पत्रा आग ओकत होता. बाळाला उष्णतेपासून जपा असं डॉक्टरांनी दोनदा बजावून सांगितलं होतं. मग मला आठवलं, कारखान्यात दर उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही छतावरच्या दुधी पत्र्यांना चुना मारायचो. खाली काम करणाऱ्यांना गार वाटायचं आणि कोणाचं कधी अडलं नाही. झालं. चुना आणला, पिंपात भिजवला, तिच्या जुन्या सुती लुगड्यातून गाळून घेतला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यात पांढरा गोंद कालवला. कारखान्यात दोन हात मारायचो. नातवासाठी मी तीन मारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली खुर्ची टाकून बसलो. काय सांगू तुम्हाला, खोली माठासारखी गार. वरून ऊन येत होतं पण मऊ होऊन. मी तपासायचं म्हणून पेपर उघडला आणि बारीक टायपातल्या जाहिरातीसुद्धा सरसर वाचून काढल्या. उजेड आहे की भरपूर, असं स्वतःलाच म्हणालो. माझ्या डोळ्यांनी वाचला मी तो पेपर. माझ्या धडधाकट, चष्मा लावलेल्या डोळ्यांनी. ज्या डोळ्यांसाठी खोली बांधली ते दवाखान्यात पेटीशेजारी बसले होते, आणि हे त्या अर्ध्या तासात एकदाही माझ्या टाळक्यात आलं नाही.

बाळ घरी आलं ते बाराच्या सुमाराला. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेक आत जाऊन आडवी झाली आणि बायको बाळाला घेऊन तडक मागच्या खोलीत गेली. खुर्चीत बसली, टोपडं काढलं, बाळाला उचलून तोंडाजवळ नेलं. मी दारात उभा होतो, शाबासकीची वाट बघत. खोलीची जादू केलीय असं मी रिक्षातच सांगून ठेवलं होतं, काय केलंय ते सांगितलं नव्हतं. ती बाळाला इकडून तिकडून धरत राहिली. मग तिने त्याला छातीशी घेतलं. मी विचारलं, कशी वाटते खोली?

"गार हाय," ती म्हणाली. "लई गार हाय."

आतून लेकीने हाक मारून विचारलं, आई, कोणावर गेलाय गं? हिने बाळाच्या नाकावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाली, नाक तुझ्या बाबांचं घेतलंय. आणि मी मूर्ख माणूस, फुगलो.

पुढचा महिना घरात नुसती धांदल होती. तिने बाळाला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, करंगळीने चाचपत काजळ घातलं. बारसं झालं, शिरगावहून तिच्या बहिणी येऊन गेल्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण तिचे हात डोळ्यांइतकेच शहाणे. मशीनवर ती बसेनाशी झाली होती. मला वाटलं, बाळापुढे वेळ कुठे मिळतोय तिला. खोलीच्या गारव्याचं कौतुक मात्र मी येणाऱ्या जाणाऱ्यांना ऐकवत होतो.

बाळ-बाळंतिणीला तेल लावायला मनोरकडच्या एका पाड्यावरची बाई यायची. फार बोलणारी नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा मी अंगणात बादल्या भरत होतो, तर जाता जाता थांबली. "बाबा, आजीला दिसत नाय काय? बाळाकडं बघत नाय ती. नुसती हातानं चाचपते." मी तिच्यावर उखडलो. तुझं काम झालं ना, मग नीघ, असं तोडून बोललो. ती गेली, पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. दुपारी लेक झोपली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सरळ विचारलं.

तिने हात पुसले. आधी लेक झोपली का ते विचारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माजे डोळे गेले. पोरीला सांगू नका. ओल्या बाळंतिनीसमोर रडू नाय, दूध आटतं."

कधी गेले, मी विचारलं.

"बाळाला घरी आनलं त्याच दिवशी. खोलीत नेऊन बघितलं, तर काय नाय. डॉक्टर बोललेच होते, जातील एक दिवस. नेमका तोच दिवस निघाला."

मला एकदम वरचा तीन हातांचा चुना आठवला. ती आणखी काहीतरी सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. खारट पाण्याने पत्रा पांढरा झाला तेव्हा लगेच बोललेली ही बाई महिनाभर गप्प बसली होती, घरात बाळंतीण आहे म्हणून. आणि मी चुन्याबद्दल गप्प बसलो होतो, कारण मी कधी कोणाला काही सांगतच नाही. मी तिला एक शब्द बोललो नाही. शिडी घेतली आणि वर चढलो.

गोंद घातलेला चुना निघता निघत नाही. फायबरचा पत्रा माणसाचा भार घेत नाही, म्हणून आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचे आणि नारळाच्या काथ्याने घासायचं. तारेचा ब्रश लावला तर ओरखडे पडून पुन्हा अंधार. दोन दिवस मी भर उन्हात घासत होतो. गुडघे सोलून निघाले. लेक खालून ओरडत होती, बाबा, या उन्हात काय काढलंय हे? गळती आहे, मी म्हटलं. पाऊस यायच्या आत करायला हवं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रा पूर्वीसारखा लख्ख झाला. मी बायकोला हाताला धरून खोलीत आणलं, खुर्चीत बसवलं. तिने मान वर केली. "आज ऊन लई हाय काय?" म्हणाली. मी धावतच आत गेलो. बाळ आणून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, बघ त्याच्याकडे. तिने त्याला तोंडाजवळ नेलं. मी बाळाकडे बघत नव्हतो, तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. तिने त्याला डावीकडे धरलं, उजवीकडे धरलं, पुन्हा समोर. बाळाने तिचं बोट मुठीत धरलं होतं.

"उजेड कळतो," ती शेवटी म्हणाली. "बाकी काय नाय."

तिला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, मधलं दिसणंही गेलंय म्हणाले, आता फक्त उजेड आणि अंधार कळेल. मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि चष्मा आत राहिला असं सांगून पुन्हा एकटाच आत गेलो. विचारलं, डॉक्टर, महिन्यापूर्वी भरपूर उजेडात लहान मुलाचा चेहरा जवळ धरला असता, तर हिला दिसला असता का? त्यांनी आधीचे कागद चाळून बघितले. त्यांना माझ्या प्रश्नामागचं काय माहीत? जवळ धरला असता तर दिसला असता बहुतेक, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बोईसरपर्यंत मी काही बोललो नाही. लेक होती तोवरही बोललो नाही. लेकीला आईचं कळलं ते सव्वा महिना उलटल्यावर, तेव्हा त्या दोघी गळ्यात पडून रडल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लेक बाळाला घेऊन सिन्नरला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा कुठे मी मागच्या खोलीत तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. चुना, गोंद, तीन हात, पेपर वाचून बघितला तो, डॉक्टर काय म्हणाले ते. मला वाटलं ती मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने मान वर करून पत्र्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मी त्याच दिवशी बोलले असते, दिसत नाय म्हनून, तर तुमी पत्रा धुतला असता."

"त्याच दिवशी धुतला असता," मी म्हटलं.

"मंग माजंबी चुकलं," ती म्हणाली, आणि तेव्हा ती रडली. डोळे गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. निम्मी चूक तिने अशी स्वतःकडे घेतली. पण माझी काही त्याने कमी झाली नाही, आजही झालेली नाही. कधी चिडून भांडण झालं तरी तिने तो विषय एकदाही काढलेला नाही, आणि हेच मला जास्त लागतं.

खोली आहे तशीच आहे. आता तिथे गारवा राखायला काही अडत नाही, जाळी टाका, गोणपाट टाका, तिला काय फरक पडणार? तरी मी पत्रा उघडाच ठेवतो. उजेड अंगावर कळतो म्हणते ती, आणि सकाळी दहापर्यंत तिथे बसते.

नातू आता चौथ्या वर्षात आहे. या मे महिन्यात आला होता. ती खोलीत भिजवलेले वाल सोलत बसली होती, मी खिडकीची कडी दुरुस्त करत होतो. हा पठ्ठ्या तोंडभर आंबा माखून आला आणि तिच्या गुडघ्यांना धरून उभा राहिला. आजी, बघ, मी कसा दिसतो, म्हणाला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"आजोबांना विचार," ती म्हणाली. "त्यांनी बघितलंय."

मी पान्हा खाली ठेवला. त्याला समोर उभं केलं आणि सांगायला लागलो, तुझे डोळे मोठे आहेत, आईसारखे, भुवया जाड, डाव्या गालाला खळी पडते, हसलास की पडते, हनुवटी बारीक, वर रंग चढलाय आंब्याचा. तो खिदळत होता आणि आणखी सांगा म्हणत होता. तिचे हात वालांवर थांबले होते. मी सांगत राहिलो.